बेअरिंग बदलल्यावर लागलेला एबीएसचा दिवा : युनिट बदलण्याआधी काय तपासावे

आपल्या प्रश्नाचा सारांश असा. गाडी २०१९ सालची, पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक, ७८ हजार किलोमीटर झालेली. पुढच्या डाव्या चाकातून घूं-घूं आवाज येत होता म्हणून बेअरिंग बदलले आणि गॅरेजमधून बाहेर पडून जेमतेम शंभर पावले गेल्यावर मीटरवर एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणाऱ्या व्यवस्थेचा, पिवळा दिवा लागला. स्कॅनरवर पुढच्या डाव्या चाकाच्या वेगाच्या सेन्सरचा कोड येतो. सेन्सर दोनदा बदलला, तरी चावी फिरवल्यावर विझलेला दिवा गाडी हलली की पुन्हा लागतोच, आणि आता एबीएस युनिट (या व्यवस्थेचा पंप, व्हॉल्व्ह आणि इलेक्ट्रॉनिक बोर्ड असलेला भाग) गेले असून ३८ हजार रुपये खर्च येईल असे आपल्याला सांगण्यात आले आहे. गणपतीला पुण्याहून कणकवलीला जायचे आहे, तेव्हा तोवर गाडी चालवावी का, हेही आपण विचारले आहे.

युनिटचा खर्च तूर्त थांबवावा. आपण दिलेल्या माहितीवरून माझा सर्वांत मोठा संशय असा आहे की नवे बेअरिंग उलट्या बाजूने बसवले गेले आहे, किंवा ज्यात चुंबकीय कडे नाही असे साधे बेअरिंग त्या जागी घातले गेले आहे. गाडी न पाहता केलेले हे अनुमान आहे. पण ते खरे की खोटे हे अर्ध्या तासात ठरवता येते आणि त्यासाठी कोणताही सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही.

आधी बेअरिंगचा आणि एबीएसचा संबंध काय ते सांगतो, कारण सारा घोळ तिथेच आहे. जुन्या गाड्यांत ड्राइव्हशाफ्टच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, टोकाला लोखंडाचे दातेरी कडे असे आणि सेन्सर त्या दात्यांसमोर बसत असे. आपल्या गाडीसारख्या बहुतेक अलीकडच्या गाड्यांत ते कडे गेले आणि त्याची जागा बेअरिंगच्या रबरी सीलमध्येच बसवलेल्या चुंबकीय पट्टीने घेतली. या पट्टीवर उत्तर आणि दक्षिण ध्रुवांच्या साधारण चाळीस ते पन्नास जोड्या ओळीने उमटवलेल्या असतात. डोळ्यांना त्यातले काहीच दिसत नाही. बेअरिंगच्या दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसतात आणि प्रेसखाली ते कोणत्याही बाजूने तितक्याच सुखाने आत जाते. चुंबकीय बाजू सेन्सरकडे, म्हणजे बहुतेक गाड्यांत आतल्या अंगाला यावी लागते. ती बाहेरच्या अंगाला गेली की बेअरिंग उत्तम चालते, आवाज जातो, चाक मोकळे फिरते, आणि सेन्सरच्या समोर मात्र निव्वळ रबर फिरत राहते.

ही चूक इतकी वारंवार का होते, यालाही कारण आहे. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या प्रवासी मोटारींत एबीएस सक्तीचे झाले, त्यामुळे पूर्वी फक्त महागड्या मॉडेलांत दिसणारी ही रचना साध्या हॅचबॅकमध्येही आली. त्या गाड्या आता पहिल्यांदा बेअरिंग बदलण्याच्या वयाला पोहोचल्या आहेत आणि त्या जिथे जातात त्या लहान गॅरेजमधल्या फिटरने आयुष्यभर दोन्ही बाजूंनी चालणारी बेअरिंगे बसवलेली असतात. त्याचा हात कच्चा असतो असे नाही. त्याला कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

आता माझा संशय या बाजूला का झुकला ते सांगतो. दिवा केव्हा लागतो, ही एबीएसच्या निदानातील पहिली आणि फुकट मिळणारी माहिती आहे, आणि तीच बहुतेक ठिकाणी विचारली जात नाही. चावी फिरवली की युनिट स्वतःची तपासणी करते. त्या वेळी दिवा लागतो आणि सारे ठीक असेल तर दोन-तीन सेकंदांत विझतो. या तपासणीत गाडी उभी असते, म्हणून युनिट फक्त विजेच्या बाजूने पाहू शकते : सेन्सरची तार तुटली आहे का, तारा एकमेकींना किंवा बॉडीला चिकटल्या आहेत का, व्हॉल्व्हच्या कॉइल शाबूत आहेत का. तार तुटलेली असेल किंवा फ्यूज गेला असेल, तर चावी फिरवल्यावर लागलेला दिवा विझतच नाही. आपल्या गाडीत तो विझतो आणि गाडी हलल्यावर पुन्हा लागतो. याचा अर्थ सेन्सर, तार आणि कपलर (तारांचा जोड) यांचे विजेचे वर्तुळ पूर्ण आहे. उरलेली तीन चाके वेग सांगू लागली, डावे पुढचे चाक मात्र शून्यच सांगत राहिले, आणि ही विसंगती पाहून युनिटने हात वर केले. युनिट बिघडलेले असते तर ते इतके शहाण्यासारखे वागले नसते. ते आपले काम करते आहे, आणि त्याचीच शिक्षा त्याला होऊ घातली आहे.

इथे एक अपवाद लक्षात ठेवावा. गाडीने ताशी १५ ते २० किलोमीटरचा वेग गाठला की पुष्कळ गाड्यांत युनिट आपली पंपमोटर क्षणभर चालवून पाहते; बॉनेटच्या बाजूने हलकी घरघर ऐकू येते ती तीच. मोटर अडकली असेल, तर दिवा नेमका याच वेळी लागतो. पण तेव्हा कोड मोटरचा येतो, चाकाच्या सेन्सरचा येत नाही. आपला कोड चाकाचा आहे.

कोडविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. सी ००३५ किंवा त्या जातीचा कोड म्हणजे 'पुढच्या डाव्या चाकाकडून येणारी माहिती पटत नाही' इतकेच विधान असते. त्यात सेन्सरचे नाव येते, म्हणून सेन्सर बदलला जातो. वास्तविक त्या एका कोडाच्या पोटात सेन्सर, त्याची टोकाची बैठक, समोरची पट्टी, चाकापासून युनिटपर्यंतची तार, मधले कपलर आणि युनिटमधील तेवढाच भाग, असे सगळे येते. बाजारात मिळणारी स्वस्त ब्लूटूथ उपकरणे बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात, त्यामुळे 'स्कॅनरवर काही आले नाही' या वाक्यावर विसंबू नये. एबीएस वाचणारा स्कॅनर हवा, आणि त्यात चारही चाकांचा चालू वेग दिसला पाहिजे.

तोच वेग पाहणे ही पहिली परीक्षा. स्कॅनर जोडून एक जण शेजारी बसावा आणि गाडी मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी २० ते ४० च्या दरम्यान चालवावी. तीन आकडे एकमेकांच्या जवळ असतील. चौथा सुरुवातीपासून शून्यावर ठाम राहिला, खड्डा आला तरी, स्टिअरिंग वळवले तरी, तर पट्टी समोर नाही असे मानण्यास आधार मिळतो. तो आकडा मधेच येत असेल, मधेच नाहीसा होत असेल, विशेषतः चाक वळवल्यावर किंवा खड्ड्यात आपटल्यावर, तर माझा संशय चुकला आणि तार पाहावी लागेल. आकडा सतत येतो पण दर फेऱ्याला एकदा उसळी मारतो, असे दिसले तर पट्टीला किंवा दातेरी कड्याला एका जागी तडा आहे.

दुसरी परीक्षा मल्टिमीटरची. इथे एक सावधगिरी. आपल्या गाडीतला सेन्सर बहुधा सक्रिय प्रकारचा आहे, म्हणजे त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असते आणि त्याला युनिटकडून वीज मिळते. त्याच्या दोन पिनांवर ओहम मोजून काहीच कळत नाही, उलट काही वेळा नुकसान होऊ शकते. त्याऐवजी कपलर सोडवून, चावी फिरवून, युनिटकडून येणाऱ्या एका तारेवर बॅटरीच्या आसपासचा व्होल्टेज मिळतो का ते पाहावे. तो असेल तर कपलर जोडून, मीटर तारेच्या मालिकेत लावून, मिलिअँपिअर मोजावेत आणि चाक उचलून हाताने अगदी सावकाश फिरवावे. हा सेन्सर साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा दोनच पायऱ्यांवर बोलतो. आकडा ७-१४-७-१४ असा उड्या मारत असेल तर सेन्सर आणि पट्टी दोन्ही ठीक. तो एकाच जागी खिळून राहिला, तर सेन्सर काढून त्याच्या टोकासमोरून लहानसा चुंबक इकडून तिकडे फिरवावा. आता आकडा हलला, तर सेन्सर जिवंत आहे आणि त्याला समोर वाचायला काही नाही. आपल्या बाबतीत सेन्सर दोनदा नवा आलेला असल्याने याहून वेगळे काही दिसण्याची शक्यता मला कमी वाटते.

तिसरी परीक्षा सर्वांत सोपी आणि सर्वांत निर्णायक. चुंबकीय पट्टी दाखवणारे एक हिरवट प्लॅस्टिकचे कार्ड मिळते. ते बेअरिंगच्या सीलवर ठेवले की एकाआड एक रेषा उमटतात. सेन्सर काढल्यावर राहणाऱ्या भोकातून किंवा ड्राइव्हशाफ्ट सोडवून सीलपर्यंत पोहोचता येते. कार्ड नसेल तर पातळ दोऱ्याला बांधलेली टाचणी सीलजवळ नेऊन ती ओढली जाते का हे पाहणारे कारागीर मी पाहिले आहेत, आणि ती युक्ती बऱ्यापैकी चालते, मात्र टाचणी सीलच्या मध्यावर न्यावी, कारण शेजारचे कोणतेही लोखंड चुंबकाळलेले असेल तर फसगत होते. लोखंडाचा कीस मात्र कधीही टाकू नये. तो पट्टीला चिकटून बसतो आणि एका दोषाचे दोन होतात.

बेअरिंग बरोबर बसले आहे असे निघाले, तर पुढचा शोध सेन्सरच्या बैठकीचा. नकलमधल्या (चाकाचे बेअरिंग ज्यात बसते त्या लोखंडी भागातल्या) ज्या भोकात सेन्सर बसतो तिथे गंज फुगून येतो आणि सेन्सर एक-दीड मिलिमीटर वर राहतो. बोल्ट घट्ट बसल्याने फिटरला तो बसल्यासारखा वाटतो, पण टोक पट्टीपासून दूर असते. कोकण किनाऱ्यावर वापरलेल्या गाड्यांत हे फार होते. खारी हवा आणि लाल चिखल दोन्ही मिळून त्या भोकाची अवस्था अशी करतात की जुना सेन्सर काढताना तो अखंड निघत नाही. भोक बारीक सँडपेपरने साफ करून, सेन्सर हाताच्या दाबाने तळाला टेकतो हे पाहून मगच बोल्ट लावावा. हातोडीने ठोकू नये.

त्यानंतर तार. चाकाजवळची तार स्टिअरिंगबरोबर आणि सस्पेन्शनबरोबर रोज हजारदा वाकते, आणि प्लॅस्टिकचे आवरण शाबूत असताना आतले तांबे तुटलेले असू शकते. बेअरिंगचे काम करताना तार क्लिपांतून काढून लोंबकळत ठेवली, किंवा नकल तिच्याच आधारावर टांगली, तर ती तिथेच ताणली जाते. मीटर लावून ठेवून तार हाताने इंच-इंच वाकवत जावे, स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन पाहावे. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली मुक्काम करतात, हे वेगळे सांगायला नको. फेंडरच्या आतल्या अस्तरामागे जिथे तार दिसत नाही, तिथेच ते कुरतडतात. कपलर उघडून पिनांवर हिरवा थर आहे का, एखादी पिन मागे सरकली आहे का, हेही पाहावे.

जुन्या, निष्क्रिय प्रकारच्या सेन्सरच्या गाड्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण हे उत्तर तशा गाडीचे मालकही वाचतील. तो सेन्सर म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तार असते; त्याचा रोध साधारण ८०० ते २००० ओहम असतो आणि चाक हाताने फिरवल्यावर तो थोडासा एसी व्होल्टेज देतो. नेमका आकडा किती यापेक्षा डाव्या-उजव्या चाकांची तुलना अधिक उपयोगी पडते. या गाड्यांचे एक खास दुखणे आहे. थांबता थांबता, ताशी आठ-दहा किलोमीटरवर, कोरड्या रस्त्यावर पॅडल पायाखाली थरथरते आणि गाडी क्षणभर पुढे सरकते. दिवा लागत नाही, कोड येत नाही, आणि मालकाला वेड्यात काढले जाते. कारण असे, की सेन्सरवर लोखंडी धूळ साचलेली असते किंवा कड्याखालच्या गंजाने दाते वर उचललेले असतात, आणि कमी वेगात त्याचा आधीच क्षीण असलेला संकेत इतरांच्या आधी नाहीसा होतो. युनिटला वाटते चाक जाम झाले, म्हणून ते त्या चाकाचा ब्रेक सोडते. अशा वेळी स्कॅनरवर गाडी थांबताना कोणत्या चाकाचा वेग सर्वांत आधी शून्य होतो ते पाहिले की उत्तर मिळते.

युनिट खरोखर कधी जाते? जाते, नाही असे नाही. मोटरचे ब्रश झिजतात, आतल्या बोर्डावरचे सांधे तडकतात. पण त्याआधी युनिटचे दोन्ही मोठे फ्यूज, त्याला मिळणारा व्होल्टेज आणि विशेषतः त्याची अर्थची (गाडीच्या बॉडीला जोडलेली) तार भार असताना तपासलेली असली पाहिजे. हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलो आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या गाडीचे युनिट मी मोटरच्या कोडावरून बदलले. आठ दिवसांत गाडी तोच कोड घेऊन परत आली. बॅटरीच्या ट्रेखाली, जिथे ॲसिड ओघळत होते, तिथला अर्थचा बोल्ट इतका खाल्ला गेला होता की उभ्या गाडीत मीटर सारे ठीक दाखवी आणि मोटरने करंट ओढला की व्होल्टेज कोसळे. ग्राहकाचे पैसे परत करावे लागले. तेव्हापासून अर्थच्या तारेवर भार असताना व्होल्टेजची घट मोजल्याशिवाय मी युनिटला हात लावत नाही; ती ०.१ ते ०.२ व्होल्टच्या वर गेली तर आधी बोल्ट साफ करायचा. आपल्या गॅरेजला विचारावे की हे मोजमाप केले का. उत्तर 'नाही' असेल, किंवा उत्तरच नसेल, तर त्यांचे निदान हे निदान नाही.

आता कणकवलीच्या प्रवासाविषयी. फक्त पिवळा दिवा लागलेला असताना साधा ब्रेक पूर्वीसारखाच लागतो. गेलेली असते ती चाके जाम होऊ न देण्याची सोय. शहरात बेताने गाडी चालवता येते. पण भर पावसात, ओल्या आणि चिखलाने निसरड्या झालेल्या घाटात, ऐनवेळी ब्रेक दाबल्यावर पुढची चाके जाम झाली तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते, आणि घाटाच्या वळणावर सरळ म्हणजे कुठे, हे आपण जाणता. एबीएसची सवय झालेल्या चालकाचा पाय तो दाब सोडायला विसरलेला असतो. म्हणून निघण्याआधी काम करून घ्यावे, असाच माझा सल्ला आहे. नाइलाजाने जावे लागले तर उतारावर खालचा गिअर ठेवावा, अंतर दुप्पट ठेवावे, आणि चाक घसरते असे जाणवताच पॅडल सोडून पुन्हा दाबावे.

पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला आणि हँडब्रेक पूर्ण सोडलेला असेल, तर गोष्ट वेगळी होते. त्या वेळी ब्रेक ऑइलची पातळी खाली गेलेली असते किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी व्यवस्थाही बंद पडलेली असते, आणि मग मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी फिरू शकते. अशी गाडी चालवू नये, उचलून न्यावी.

दिवा घालवण्याचा एक तिसरा मार्गही आपल्याला कोणी तरी सुचवील : बल्ब काढणे, किंवा तो दुसऱ्या एखाद्या दिव्याशी जोडून देणे, म्हणजे इंजिन चालू होताच दोन्ही विझतात. मी जुन्या गाड्या तपासायला जातो तेव्हा पहिली गोष्ट हीच पाहतो. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागलाच नाही, तर मालक कितीही सज्जन दिसो, गाडीत काही तरी लपवलेले आहे.

बेअरिंग उलटे निघाले, तर तेच काढून सुलटे बसवण्यास मान्यता देऊ नये. प्रेसने बाहेर काढताना सगळा दाब गोळ्यांमधून जातो आणि बेअरिंग आतून दुखावते. महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तोच आवाज सुरू होतो. नवेच घ्यावे, आपल्या मॉडेलच्या पार्ट नंबरचे, आणि खोक्यातून काढल्यावर चुंबकीय बाजू कोणती ते कार्डाने पाहून सीलच्या बाजूला खडूने खूण करून मगच प्रेसखाली द्यावे. चुंबकाच्या ट्रेमध्ये ते ठेवू नये. पट्टी त्याने बिघडू शकते. ही चूक गॅरेजची असल्याने मजुरी त्यांनी सोसावी अशी मागणी करणे रास्त आहे, आणि माझ्या अनुभवात कार्डावरच्या रेषा समोर दिसल्या की वाद फारसा होत नाही.

काम झाल्यावर कोड पुसून, स्कॅनर जोडलेला ठेवूनच गाडी फिरवावी. चारही आकडे एकमेकांशी जुळत असतील आणि दिवा दोन-तीन वेळा इंजिन बंद-चालू करूनही परत येत नसेल, तर रिकाम्या, ओल्या, सपाट जागेत ताशी ३० च्या वेगाने एकदा जोरात ब्रेक दाबून पाहावा. पॅडल थरथरले आणि गाडी स्टिअरिंगच्या दिशेने गेली की काम पूर्ण झाले असे समजावे. काढलेले बेअरिंग आणि दोन्ही सेन्सर मागून घ्यावेत. त्या दोनांपैकी आधी काढलेला सेन्सर कंपनीचा मूळ असेल आणि बहुधा पूर्णपणे चालू असेल, म्हणून तो पुसून, टोकाला टोपी लावून, स्टेपनीच्या खाली ठेवून द्यावा.